चित्रकाराचं गाव आणि चौक काढणाऱ्या बाया

(सामुदायिक रेडिओवरच्या आपल्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



आज बचतीचा हप्ता, बँकेचं कर्ज यातलं काही सांगणार नाही. आज एका गावाची गोष्ट सांगणार आहे. गाव आपलंच आहे, डहाणू तालुक्यातलं. पण गोष्ट सुरू होते माझ्या एका खोटेपणापासून.

गेल्या वर्षी गणपतीनंतरची गोष्ट. डहाणू स्टेशनबाहेर मी रिक्षाची वाट बघत उभी होते. दोन बाया गाडीतून उतरल्या, पुण्याकडच्या असाव्यात. एकीच्या हातात पुस्तक होतं. त्यांनी विचारलं, "ताई, जिव्या सोमा म्हसे यांचं गाव कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "गंजाड. इथून पूर्वेला जा, पुढे विचारत विचारत कळंबीपाडा." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तर पाहिलंच असेल ना?" आणि मी पटकन "हो" म्हणून मोकळी झाले.

मी पाहिलं नव्हतं. मी मूळची तलासरीची, लग्न होऊन डहाणू तालुक्यात आले. गटांच्या कामासाठी तालुक्यातले किती पाडे मी पायी फिरले आहे. गंजाडवरूनही गेले आहे. पण पुण्याच्या बाया चित्रकाराचं गाव बघायला एवढ्या लांबून येतात आणि मी एकदाही मुद्दाम थांबले नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्यात पेशवे होते, इंग्रज होते, फ्रान्सची क्रांतीसुद्धा होती. आपला पाडा कुठेच नव्हता. म्हणून मलाही वाटलं असेल, की आपल्या इथे बघण्यासारखं काय असणार?

पुढच्या मासिक बैठकीत मी हे सगळं बायांना सांगितलं. सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "आम्ही तरी कुठे पाहिलंय?" गटातल्या सात-आठ जणी वारली चित्रं काढतात, विकतात. त्यांतल्याही फक्त दोघी तिकडे जाऊन आल्या होत्या. तिथेच ठरलं. भात कापून झालं, झोडणी झाली, की जायचं.

जायच्या आधी मी थोडं वाचून घेतलं. त्यातलं आधी सांगते. चित्रकाराच्या गावाला जायची रीत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. फ्रान्स देशात जिव्हर्नी नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथे क्लॉड मोने नावाचे चित्रकार 1883 साली राहायला आले आणि 1926 साली मरेपर्यंत तिथेच राहिले. त्यांनी घराजवळ तळं करून घेतलं, त्यात कमळं लावली आणि वर्षानुवर्षं त्याच तळ्याची चित्रं काढली. आज त्यांचं घर आणि बाग लोकांना बघायला खुली आहे. दरवर्षी लाखो माणसं जातात. चहावाला, खाणावळवाला, राहायच्या खोल्या देणारा, सगळ्यांचं पोट त्या तळ्यावर चालतं.

इतकं लांब कशाला? लोणावळ्याजवळ मळवली आहे. राजा रविवर्मा मूळचे केरळचे. त्यांनी 1894 साली मुंबईत चित्रं छापायचा कारखाना काढला आणि 1899 साली तो मळवलीला नेला. कमळात उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, ही चित्रं तिथून छापून घराघरांत गेली. त्याआधी देवाचं असं रंगीत चित्र गरिबाच्या भिंतीवर कुठे असायचं? आज किराणावाला दिवाळीला जे कॅलेंडर देतो त्यावरची लक्ष्मी त्याच लक्ष्मीची नात म्हणायची. म्हणजे चित्रकाराच्या गावी जाणं हे काही श्रीमंतांचं खूळ नाही. आपल्या भिंतीवर जे आहे ते कुठून आलं, हे त्या गावात कळतं.

आता आपल्या चित्रकाराकडे येते.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म 1934 सालचा. गाव धामणगाव, तालुका तलासरी. म्हणजे माझ्या माहेरच्या तालुक्यातलेच. लहानपणीच त्यांची आई गेली. त्या धक्क्याने पोर बोलायचंच बंद झालं, काही सांगायचं असलं की मातीत बोटाने चित्र काढून दाखवायचं, असं त्यांच्याबद्दल सगळीकडे सांगतात. अकरा वर्षांचे असताना ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर आले आणि पुढे कायमचे तिथलेच झाले. 2018 च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा 84 वर्षांचे होते.

अकरा वर्षांचे म्हणजे साल कुठलं येतं? 1945. आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना हे साल वेगळं सांगायला लागत नाही. त्याच वर्षी तलासरीतल्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. गोदावरी परुळेकर, आपल्या गोदूताई, आणि शामराव परुळेकर इथे आले आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. तळवाड्याला गोळीबार झाला, आपली माणसं मेली. त्या लढ्यात एक शब्द फार वापरला जायचा, लग्नगडी. आताच्या मुलींना तो माहीत नाही. लग्नाला पैसे नसायचे, म्हणून पोरगा सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडं धान्य, थोडे पैसे घ्यायचा. ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. ते फिटायचंच नाही. त्याची बायकोही त्याच घरी राबायची. लग्न म्हणजे गुलामीचा करारच. लोकांनी 1945 ला हे जोखड झुगारून दिलं.

चित्रांची गोष्ट सांगताना मध्येच सावकार का आणला, असं तुम्हाला वाटेल. कारण आपलं चित्र लग्नातलंच आहे. आज वारली चित्र म्हटलं की लोकांना तारपा नाच आठवतो, पिशवीवरची, साडीच्या काठावरची माणसं आठवतात. पण मूळ चित्र म्हणजे लग्नाचा चौक. घराच्या आतल्या खोलीत कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, वर गेरूचा हात द्यायचा. तांदूळ भिजवून वाटायचे, पाणी घालून पातळ करायचे. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, झाला कुंचला. आणि सवासिनींनी चौक काढायचा. चौकात पालघट देवी. शेजारी लहान देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या. भोवती डोंगर, झाडं, नवरानवरी, नाचणारी माणसं. धवलेरी गाणी म्हणते आणि इकडे चौक भरत जातो. चौकाशिवाय आपल्याकडे लग्न लागत नसे.

म्हणजे बघा, ज्या लग्नापायी नवरा सावकाराचा गडी व्हायचा, त्याच लग्नाच्या घरात आतल्या अंधाऱ्या खोलीत बाया पांढऱ्याशुभ्र पिठाने सगळं जग मांडत होत्या. बाहेर उपास होता, कर्ज होतं. आतल्या भिंतीवर कणगी भरलेली होती, झाडाला पानं होती, माणसं हात धरून नाचत होती. ही चित्रं कोणी काढली? सवासिनींनी. पिढ्यान्‌पिढ्या त्याच काढत आल्या. आणि त्यांतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला, मला, कोणाला सांगता येईल का?

इथे थोडं थांबूया. माझी आजी, आईची आई, तलासरीत चौक काढायला जायची. लांबलांबच्या पाड्यांवरून तिला बोलावणं यायचं. तिने किती चौक काढले कोण जाणे. त्यांतला एकही आज नाही. भिंत पुढच्या वर्षी पुन्हा सारवली, चौक गेला. तोच रिवाज होता, त्याचं वाईटही कोणाला वाटत नसे. पण चौकाबरोबर तिचं नावही सारवलं गेलं.

मग हे चित्र भिंतीवरून कागदावर कसं आलं? त्यात एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं, भास्कर कुलकर्णी. ते स्वतः चित्रकार होते आणि सरकारच्या हस्तकला खात्यासाठी काम करायचे. 1966-67 च्या सुमाराला बिहारात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीकडे पाठवलं. तिथेही आपल्यासारखंच होतं. लग्नाच्या खोलीत बाया भिंतीवर चित्रं काढायच्या. कुलकर्णींनी त्या बायांना कागद दिला, रंग दिले, म्हटलं, भिंतीवरचं कागदावर काढा, विकून देतो. दुष्काळात घर चालवायला ते पैसे झाले. पुढे त्यांतल्याच जगदंबा देवी यांना 1975 साली पद्मश्री मिळाली, मग सीता देवी यांना, मग गंगा देवी यांना. तिन्ही बाया. खेड्यातल्या, आपल्यासारख्या. आज मधुबनी चित्र म्हटलं की लोक आधी बायांची नावं घेतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच भास्कर कुलकर्णी आपल्या डहाणूत आले. गंजाडला आले. पाड्यांवर राहिले, भिंती पाहिल्या. इथेही कागद आला. आणि इथे पुढे आले जिव्या म्हसे. ते वेगळेच होते. बाया लग्नापुरतं चित्र काढायच्या. जिव्या रोज काढायचे. लग्न असो नसो, हाताला काडी लागली की सुरू. बाईचं काम पुरुषाने करायचं म्हणजे लोक हसले नसतील का? पण त्यांनी सोडलं नाही. चौकातली देवी त्यांनी भिंतीवर राहू दिली आणि कागदावर, शेण-गेरूने सारवलेल्या कापडावर, रोजचं जगणं उतरवलं. शेत, गुरं, मुंग्या, पाऊस, तारपा. मासे धरायचं जाळं त्यांनी असं काढलं आहे, की सगळ्या कापडावर नुसती बारीक रेघच रेघ, जाळ्याचा एकेक डोळा मोजून घ्यावा.

1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 साली पॅरिसच्या एका फार मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं, तिथे जगभरातले चित्रकार होते. 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहरात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांची चित्रं मांडली गेली. 2009 साली नेदरलँडचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री. धामणगावातला आई गेलेला मुका पोरगा कुठे पोहोचला बघा. त्यांच्या मुलांनीही कला पुढे चालवली. त्यांना बघून गंजाड आणि आजूबाजूच्या पाड्यांवरची कितीतरी पोरं चित्र काढायला लागली. आज आपल्या गटातल्या बाईला पाचशे रुपयांची फ्रेम विकता येते, त्यामागे त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षांची मेहनत आहे. हे ऋण मानलंच पाहिजे.

आता माझ्या मनात जो प्रश्न आला तो सांगते. माणूस तोच, भास्कर कुलकर्णी. कागद तोच. भिंतही तशीच, लग्नघरातली, बायांनी रंगवलेली. मधुबनीला बायांची नावं झाली. आपल्याकडे कागदावरचं काम बहुतेक पुरुषांच्या हातात गेलं. असं का?

आम्ही गाडीत बसून यावर खूप बोललो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो, अकरा जणी. एक मॅजिक गाडी ठरवली, माणशी साठ रुपये काढले. भाकरी, सुकट आणि मिरचीचा ठेचा बरोबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेलं भात, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या. एक म्हणाली, "कागद घेऊन मुंबईला कोण जाणार? बाई गेली तर घरी पाणी कोण भरणार?" दुसरी म्हणाली, "साहेब आला की पुढे पुरुषच जाऊन बसतो." तिसरी म्हणाली, "बायांना त्यात काही विकण्यासारखं आहे असं वाटलंच नसेल. चौक काय विकायचा असतो? तो देवीचा." मला वाटतं तिघींचंही थोडं थोडं खरं आहे. चौक देवीचा आणि चित्र बाजाराचं, अशी वाटणी झाली, तेव्हा देवीची बाजू बाईकडे राहिली आणि बाजाराची बाजू पुरुषाकडे गेली. घरातल्या दुसऱ्या वाटण्याही अशाच होतात, हे बचत गटातल्या बाईला समजावून सांगायला नको.

गंजाडला पोहोचल्यावर आम्ही कोणाच्या घरात घुसलो नाही, ते आधीच ठरलं होतं. चित्रकाराचं घर असलं तरी ते घरच असतं. बाहेरून बघितलं, पाड्यावरून फिरलो, भिंतींवरची चित्रं पाहिली. कुडाची घरं आता फार थोडी उरली आहेत, सिमेंटची जास्त. पण सिमेंटच्या भिंतीलाही गेरूचा रंग आणि वर पांढरी माणसं. एका ओट्यावर एक तरुण मुलगी चित्र काढत बसली होती. आम्ही बसलो तिच्याजवळ. तिचा हात इतका भरभर चालत होता, की दोन त्रिकोण जोडले की माणूस, वर गोल टेकवला की डोकं, मग हात, मग पाय, आणि माणूस चालायलाच लागायचा.

आमच्यात सगळ्यात मोठ्या एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या गटाच्या सभासद आहेत, पण चित्रं विकत नाहीत. त्या कितीतरी वेळ मुलीच्या हाताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीपण काढायची. चौक." मी विचारलं, "आजी, किती काढले असतील?" त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली. गावाचं नाव घ्यायच्या, नवरीचं नाव घ्यायच्या आणि एक बोट मिटायच्या. दोन्ही हात झाले, परत पहिल्या बोटावर आल्या. चौतीसपर्यंत गेल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "मग आमचे हे वारले. नंतर कोणी बोलावलं नाही."

सवासिनीनेच चौक काढायचा ना. नवरा गेला, की तो हात चौकाला चालत नाही. चौतीस लग्नांना ज्या हाताने देवी उभी केली तो हात एका दिवसात बाजूला ठेवला गेला. मी आजवर आपल्या परंपरेचं कौतुक करत आले, आजही करते. पण त्या ओट्यावर बसून मला पहिल्यांदा कळलं, की या परंपरेत बाईला मान होता तो तिच्या कलेचा नव्हता, तिच्या कुंकवाचा होता. कला गेली नव्हती. हात चालत होता. मान मात्र नवऱ्याबरोबर निघून गेला.

त्या मुलीने काही न बोलता एक कोरा गेरूचा कागद आणि काडी आजींच्या पुढे सरकवली. आजी आधी नको म्हणाल्या. मग घेतली. चौक नाही काढला. त्यांनी झाड काढलं, एकच. फांद्या अशा वर गेलेल्या, पानं बारीक, सगळी वेगळी वेगळी. हात जरा थरथरत होता, पण रेघ कुठे तुटली नाही. अर्धा तास लागला. आम्ही सगळ्या गप्प होतो. कागदाला जात नसते, कुंकू नसतं. तो सधवा-विधवा विचारत नाही. कागद आला तेव्हा बायांचं काही हातातून गेलं हे खरं, पण आमच्या आजीला तिचा हात परत मिळाला तोही कागदावरच.

झाड पूर्ण झालं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "आजी, खाली नाव लिहा." आजींना लिहिता येत नाही. त्यांनी अंगठा पुढे केला. पांढऱ्या रंगात बुडवून कागदाच्या कोपऱ्यात उठवला. बँकेच्या कागदांवर त्यांचा अंगठा मी किती वेळा पाहिला आहे, कर्ज घेताना, फेडताना. चित्राच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच पाहिला.

परत येताना गाडीत हिशोब निघाला. आपल्या गटाची चित्रं प्रदर्शनात जातात तेव्हा खाली काय लिहिलेलं असतं? गटाचं नाव. विकत घेणारा विचारतो, "कोणी काढलं?" आपण सांगतो, "गटाच्या महिलांनी." एकदा तर असं झालं, की एका व्यापाऱ्याने आपल्याकडून चाळीस चित्रं कमी भावात नेली आणि काही महिन्यांनी तीच चित्रं दुसऱ्याच्या नावाने, चौपट किमतीला लागलेली आपल्याच एका बाईने पाहिली. ती म्हणाली, "ते माझं आहे." कशावरून? नाव कुठे होतं? ती गप्प बसली. तेव्हा मला फक्त व्यापाऱ्याचा राग आला होता. आता वाटतं, नाव न लिहायची सवय आपण भिंतीवरून कागदावर तशीच आणली. भिंत सारवली की चौक जातो, तिथे नाव नसलं तर चालून गेलं. कागद राहतो, विकला जातो, परदेशात जातो. त्याच्याबरोबर नाव गेलं पाहिजे.

काही जणी म्हणतील, वारली चित्राला सरकारी संरक्षण आहे ना? आहे. 2014 साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, जसं नंतर आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला मिळालं. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. त्या मानांकनामुळे "वारली चित्र" हे नाव आपल्या समाजाचं आणि आपल्या भागाचं आहे हे कायद्याने मान्य झालं. बाहेरच्या कारखान्याने मशीनवर छापून त्याला वारली चित्र म्हणून विकू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. पण ते नाव सगळ्यांचं मिळून आहे. त्यात अमुक पाड्यावरच्या अमुक बाईचं नाव आपोआप येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते, अर्ज करावा लागतो. आणि प्रत्येक चित्रावर सही आपणच करायची असते.

म्हणून आमच्या गटाने तीन गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हाला सांगते, पटल्या तर तुम्हीही करा.

एक. यापुढे कुठलंही चित्र गटातून बाहेर जाताना त्याच्या मागे काढणारीचं पूर्ण नाव, पाड्याचं नाव आणि साल लिहायचं. लिहिता येत नसेल तर दुसरीने लिहायचं आणि काढणारीने अंगठा उठवायचा. मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. गटाच्या वहीत जशी बचतीची नोंद असते तशीच चित्राची नोंद, कोणाचं, कोणाला दिलं, कितीला.

दोन. मानांकनाच्या नोंदणीसाठी चित्रं काढणाऱ्या बायांनी स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नाही. कागदपत्रं जमवायला मी आहे.

तीन. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या प्रत्येक पाड्यावर अजून अशा म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी चौक काढलेत. त्यांच्याकडे जाऊन बसायचं आणि एक वही करायची. नाव काय, माहेर कुठलं, कोणाकडून शिकलात, कोणाकोणाच्या लग्नात चौक काढला, आठवतं तेवढं. सगळं लिहायचं. सवासिनी असो, विधवा असो, सगळ्यांचं. आमच्या वहीत आजवर 19 नावं झाली. पहिलं नाव त्याच आजींचं आहे, त्यांनी परवानगी दिली. चौतीस चौकांची यादीही आहे.

दहावं नाव माझ्या आजीचं आहे. ती आता नाही. आईकडून विचारून लिहिलं. आईला पाच लग्नं आठवली.

मैत्रिणींनो, गंजाडला जरूर जा. आपल्या तालुक्यातल्या माणसाने जगात नाव काढलं, त्याचं गाव पोरांना दाखवा. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला जाता ना, तसंच एकदा तिकडेही वळा. तिथे जिव्या म्हसे यांचं नाव घ्या. आणि मग परत येऊन आपल्याच पाड्यावर, आपल्याच घरात, कोपऱ्यात बसलेल्या आजीला विचारा, "आजी, तू चौक काढायचीस का गं?"

ती "हो" म्हणाली, तर चित्रकाराच्या गावाला जायला तुम्हाला गाडी करावी लागणार नाही. वही मात्र बरोबर असू द्या.

जोहार.